किल्ली आत राहिली

ऊन तापायच्या आत किनवट गाठायचं म्हणून सत्यम आणि ऋतुजा लातूरहून अंधारातच निघाले होते. पण नऊ महिन्यांचं लेकरू सोबत असलं की निघणं आपल्या हातात असतं, पोचणं नसतं. अहमदपूरला ज्ञानेश्वरीला भूक लागली. लोह्याच्या पुढं तिनं कपडे खराब केले. नांदेडात ती काही केल्या झोपेना, म्हणून गाडी सावलीला लावून ऋतुजा तिला खांद्यावर घेऊन कितीतरी वेळ फिरली. भोकर सोडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि मे महिन्यातल्या त्या दुपारी रस्त्यावर ट्रक सोडले तर कुणी नव्हतं.

ऋतुजाचे वडील, भुजंगराव, किनवटजवळच्या एका आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकी होते. गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून ते खाटेला खिळले. नातीचं बारसं लातूरला झालं, ते त्यांनी फोनवरच पाहिलं. नाव त्यांनीच सुचवलेलं होतं. ते नाव घेऊन फिरणारी पोरगी एकदा मांडीवर घ्यायची, एवढंच ते दर फोनवर म्हणायचे. म्हणून हा प्रवास.

गाडी सत्यमची नव्हती. त्याच्या थोरल्या बहिणीचे, सिंधुताईचे यजमान किशनराव, त्यांची होती. किशनरावांचं लातूरच्या बाजारात आडतीचं दुकान. सत्यम शिकायला लातूरला आला तो त्यांच्याच घरी राहिला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला तोही त्यांच्याच शब्दानं. ते त्याला कधी काही बोलून दाखवायचे नाहीत, आणि म्हणूनच सत्यम त्यांच्यासमोर जरा अंग चोरून असायचा. गाडी घेऊन महिनाही झाला नव्हता, सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. लेकराला असल्या उन्हात एसटीनं नेऊ नका, गाडी घेऊन जा, असा सिंधुताईनंच हट्ट धरला. किशनराव हो म्हणाले. निघताना त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुसलेल्या बॉनेटवरून उगाच हात फिरवला आणि जपून जा म्हणाले.

सत्यमनं ते फारच मनावर घेतलं होतं. खड्डा आला की त्याचंच अंग दुखल्यासारखं तोंड व्हायचं. ज्ञानेश्वरीच्या खाली दुपटं नीट आहे का, बाटली गळत तर नाही ना, पाय सीटवर टेकवू नकोस, असं त्याचं सकाळपासून चाललं होतं. ऋतुजा आधी हसण्यावारी नेत होती. नांदेडच्या पुढं तिनं उत्तर द्यायचंही सोडलं.

भोकरच्या पुढं रस्त्याचं काम चाललं होतं. एक बाजू खोदून ठेवलेली, दुसऱ्या बाजूनं गाड्या धुरळ्यात अडखळत चाललेल्या. त्या धक्क्यांत ज्ञानेश्वरीनं पोटातलं सगळं दूध ओकलं. दुपट्यावर, सीटवर, ऋतुजाच्या अंगावर. सत्यमनं जिथं जागा मिळाली तिथं गाडी कडेला घेतली. झाड म्हणून नव्हतं. खाली उताराला एका रानात हळद वाळत घातली होती आणि तिच्या पलीकडं पत्र्याचा एक आखाडा, रानातली राखणीची खोपी, दिसत होता. उभ्या गाडीत एसी चालवू नको, इंजिन तापतं, असं दाजींनी बजावलं होतं. सत्यमनं गाडी बंद केली, किल्ली तशीच ठेवली आणि पाण्याची रिकामी बाटली घेऊन तो आखाड्याकडं उतरला.

ऋतुजानं मागच्या सीटवर लेकराचे कपडे बदलले, सीट पुसली. ज्ञानेश्वरी टाहो फोडत होती. खुळखुळा सापडेना. तेव्हा तिनं पुढं वाकून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पोरीच्या हातात दिला. पोरगी लगेच गप्प झाली. तिला गोधडीच्या आधारानं नीट बसवून, घाण झालेले कपडे कॅरीबॅगमध्ये गुंडाळून ऋतुजा खाली उतरली. तेवढ्यात एक ट्रक आला. धुरळ्याचा लोट गाडीत जाऊ नये म्हणून तिनं दार लोटून घेतलं.

आतून खट्ट आवाज आला आणि गाडीचे दिवे एकदा लुकलुकले.

तिनं दार ओढलं. उघडेना. पलीकडचं ओढलं, पुढची दोन्ही ओढली, मागची डिकी ओढली. मग तिनं काचेतून आत पाहिलं. ज्ञानेश्वरी किल्लीचं काळं बटण तोंडात धरून तिच्याकडं बघत होती. काचा चारही वर होत्या. ऋतुजाचा फोन सीटवर पडला होता.

तिनं हाका मारल्या. गाडी सोडून जायचा धीर होईना, म्हणून रस्त्याच्या काठापर्यंत पळत जायची, ओरडायची आणि परत काचेशी यायची. सत्यम भरलेली बाटली घेऊन चढ चढत आला तो सावकाशच. तिचं तोंड पाहून तो पळाला. त्यानंही चारही दारं ओढून पाहिली. किल्ली कुठं आहे, त्यानं विचारलं. ऋतुजानं काचेतून बोट दाखवलं. तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला, पण बोलला काही नाही.

मग दोघं काचेला तोंड लावून लेकराला खेळवायला लागले. पोरीनं चुकून पुन्हा बटण दाबावं, एवढीच आशा होती. सत्यम बोटं मिटून उघडून दाखवत होता, टाळ्या वाजवत होता. बाप माकडचेष्टा करतोय हे बघून ज्ञानेश्वरी हसली. किल्ली तिनं सीटवर आपटली, पुन्हा तोंडात घातली. एकदा दिवे लुकलुकले. सत्यमनं झटक्यात दार ओढलं. ते बंदच होतं, पोरीनं पुन्हा तेच बटण दाबलं होतं. मग किल्ली तिच्या हातातून निसटली आणि पुढच्या सीटखाली गेली. ती घ्यायला पोरगी वाकली, तोल गेला आणि दोन सीटांच्या मधल्या खाचेत पालथी पडली. आता त्यांना तिची पाठ आणि एक पाय तेवढा दिसत होता. तिचा रडण्याचा आवाज काचेतून लांबून आल्यासारखा येत होता.

“काच फोडा,” ऋतुजा म्हणाली.

सत्यमनं फोन काढला होता. लातूरच्या एका मित्राला त्यानं विचारलं, मित्रानं भोकरच्या एका गॅरेजवाल्याचा नंबर दिला. गॅरेजवाला म्हणाला की असली दारं आपण तारेनं उघडतो, मोटारसायकलवर निघालोच. सत्यमनं ते ऋतुजाला सांगितलं. माणूस निघालाय, आता येईल, थोडा दम धर. ती पुन्हा काच म्हणाली. तो म्हणाला, येतोय ना तो, आणि रस्त्याकडं बघायला लागला. धुरळ्यात कुणी दिसत नव्हतं.

आखाड्यावर सत्यमला पाणी देणारी म्हातारी चढ चढून आली. तिचं नाव रुक्मिणबाई. हळद राखायला ती तिथं एकटीच होती आणि खालून तिला गाडीभोवती पळणारी बाई दिसली होती. तिनं आत पाहिलं, बाहेर उभ्या दोघांकडं पाहिलं. डोक्यावरची ओली दस्ती काढून तिनं काचेवर टाकली, तेवढीच सावली. दस्ती बघता बघता सुकली. गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

तेवढ्यात रडणं थांबलं.

ऋतुजानं काचेवर थापा मारल्या. नाव घेऊन हाका मारल्या. आतला पाय हलला, मग हलला नाही. तिनं खोदलेल्या रस्त्यातला एक धोंडा उचलला आणि पुढच्या दाराच्या काचेवर घातला. काच फुटली नाही. धोंडा घसरून खाली दारावर गेला आणि पांढऱ्या रंगावर लांब चरा उमटला. तिनं दुसऱ्यांदा उचलला.

“पत्र्याला लागतंय,” सत्यम म्हणाला.

तो ओरडून बोलला नव्हता. सवयीनं बोलतो तसं बोलला होता, सकाळपासून बाटलीबद्दल आणि दुपट्याबद्दल बोलत आला तसंच. ऋतुजाचा हात वरच राहिला. तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्यालाही आपलंच बोलणं ऐकू आलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला.

“पत्र्याचं काय घिऊन बसलास बाबा,” रुक्मिणबाई म्हणाली. “लेकरू इझून चाललंय आत.” आणि तिनं हातातली कुदळ पुढं केली. येतानाच ती घेऊन आली होती.

“सत्यम,” ऋतुजा म्हणाली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. चारचौघांत तिनं त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती.

त्यानं कुदळ घेतली. पहिला घाव काचेच्या मधोमध बसला आणि उसळून परत आला. दुसरा त्यानं कोपऱ्याला घातला, सगळ्या अंगानिशी. काच दाण्यादाण्यांनी खाली आली. उरलेल्या कडांची पर्वा न करता त्यानं हात आत घातला, आतली कडी ओढली, मग मागच्या दाराची. दार उघडताच ऋतुजा आत शिरली.

ज्ञानेश्वरी घामानं निथळत होती, केस कपाळाला चिकटले होते. ओठ कोरडे, डोळे अर्धवट मिटलेले, मान मागं पडत होती. तिला छातीशी धरून ऋतुजा उतारावरून पळाली. रुक्मिणबाई पुढं. आखाड्यात माठ होता. म्हातारीनं लेकराचे कपडे काढले, दस्ती माठाच्या पाण्यात भिजवून अंग, काख, तळपाय पुसले, दुसऱ्या हातानं सुपानं वारा घालत राहिली. पदराला घे म्हणाली. ऋतुजानं घेतलं. पोरगी ओढेना. थेंब ओठांवर पिळला, तो गालावरून ओघळून गेला. रुक्मिणबाई काहीतरी पुटपुटत पुन्हा दस्ती भिजवत होती.

मग ज्ञानेश्वरीनं तोंड वाकडं केलं आणि रडायला लागली. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत.  ऋतुजा तेव्हा कुठं कुडाला पाठ टेकून खाली बसली. थोड्या वेळानं पोरगी प्यायला लागली.

सत्यम बाहेर उन्हातच उभा होता. मनगटापासून कोपरापर्यंत हात कापला होता आणि रक्त बोटांवरून गळत होतं. आत ये, सावलीला बस, असं रुक्मिणबाईनं दोनदा म्हटलं. तो आला नाही. गॅरेजवाल्याचा फोन आला तेव्हा त्यानं आता येऊ नका म्हणून सांगितलं.

हिमायतनगरला त्यांनी डॉक्टर गाठला. त्यानं लेकराला नीट तपासलं, डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं. सारखं पाजत राहा, उन्हातून नेऊ नका, लघवी होते का तेवढं बघा, असं सांगितलं. सत्यमच्या हाताला टाके घातले. काय झालं होतं ते ऐकल्यावर तो म्हणाला, “बरं झालं, लगेच काढलंत.” 

ऊन कलल्यावर निघू, असं ठरवून ते दवाखान्याच्या बाकावर बसले असताना किशनरावांचा फोन आला. कुठवर पोचलात, एवढंच विचारायला. सत्यम उठून जरा बाजूला गेला, पण त्याचं बोलणं ऋतुजाला ऐकू येत होतं. तो म्हणाला, पोचत आलोत, लेकरू झोपलंय. मग म्हणाला की रस्त्याचं काम चालू आहे, ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला आणि पुढच्या दाराची काच गेली, मी लातूरला आलो की बसवून देतो. तो परत येऊन बसला. ऋतुजा लेकराच्या टाळूवर ओलं बोट फिरवत होती. तिनं मान वर केली नाही.

पुढच्या सगळ्या रस्त्यात ती मागं बसली होती. फुटक्या खिडकीला बांधलेला टॉवेल फडफडत होता. जंगल लागलं, पानं गळून गेलेले साग दोन्ही बाजूंना उभे होते. सत्यमनं दोनदा विचारलं, झोपली का. दोन्ही वेळा ती हो म्हणाली. एवढंच बोलणं.

भुजंगरावांनी खाट ओट्यावर आणून ठेवायला लावली होती. नातीला मांडीवर घेतलं आणि त्यांना काही सुचेना. तिच्या तळहातावर आपलं बोट ठेवून ते नुसते बसून राहिले. चहा झाल्यावर त्यांचं लक्ष गाडीकडं गेलं आणि काचेला काय झालं ते त्यांनी विचारलं.

सत्यम म्हणाला, “ते ट्रकच्या...” आणि त्यानं ऋतुजाकडं पाहिलं. ती बापाच्या खाटेशी बसली होती. ती रागानं बघत नव्हती. ती फक्त ऐकत होती, तो काय बोलतो ते.

सत्यम थांबला. मग म्हणाला, “न्हाई आबा. लेकरू आत अडकलं होतं.” आणि त्यानं सांगितलं. गाडी बंद केलेली, किल्ली आत राहिली, दारं लागली, काच फोडावी लागली. भुजंगरावांचा हात नातीच्या पाठीवर होता तो तिथंच थांबला. त्यांनी एक-दोन गोष्टी विचारल्या. शेवटी म्हणाले की देवाची कृपा, आता सगळे विश्रांती घ्या.

दिवस मावळायला सत्यम गाडीतले काचेचे दाणे वेचत होता. डाव्या हाताला पट्टी, म्हणून उजव्यानंच. ऋतुजा बाहेर आली आणि दारापाशी उभी राहिली.

“मी जे बोललो ते आबांना सांगितलं न्हाई,” तो खाली बघतच म्हणाला. “पत्र्याचं.”

“माहीत हाय.”

“तू का न्हाई सांगितलंस?”

“मी काय म्हणून सांगू? तुमचं तुम्ही बघा.”

तो सीटवर बसून राहिला. मग त्यानं फोन काढला आणि किशनरावांना लावला. ती तिथंच उभी होती. त्यानं त्यांना सगळं सांगितलं, दगडाचं खोटं होतं हे आधी सांगितलं. किशनरावांचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू येत होता. पोरगी कशी आहे, दवाखान्यात दाखवलं का, काय म्हणाला डॉक्टर, हे त्यांनी विचारून घेतलं. खोटं कशाला बोललास, हे त्यानंतर विचारलं.

“लाज वाटली, दाजी. काच फोडायला मी वेळ लावला. तुमची गाडी म्हणून.”



“ते माझ्यावर घालू नको,” किशनराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सत्यम फोन हातात धरून बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तो पुसत नव्हता. ऋतुजाला त्या दुपारपासून त्याच्याशी काय बोलायचं ते कितीतरी वेळा मनात जुळवून ठेवलेलं आठवत होतं. त्यातलं एकही वाक्य तिला आता बोलावंसं वाटलं नाही. तिला दुसरीच गोष्ट टोचत होती.

“किल्ली मीच दिली होती तिच्या हातात,” ती म्हणाली. “तुम्ही एकदाबी बोलला न्हाईत. आबांनाबी न्हाई, दाजींनाबी न्हाई.”

“रडून राहिली होती ती. मीबी दिली असती.”

ती पुढं आली आणि पायाशी पडलेले दाणे उचलायला लागली. दोघांनी मिळून पुढची सीट साफ केली. अंधार पडत आला तेव्हा ती म्हणाली, “मी थोडे दिवस इथंच राहते.”

“राग हाय?”

“हाय.”

त्यानं मान हलवली. का, किती दिवस, असं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खिडकीला प्लास्टिक चिकटवून तो एकटाच लातूरला गेला.

किशनरावांनी काच बसवून घेतली आणि चरा तसाच ठेवला. त्याबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत, पण बरेच दिवस सत्यमशी कामापुरतंच बोलत होते. सिंधुताई मात्र रोज ऋतुजाला फोन करायची, लेकराला बघायचं म्हणून. ऋतुजाही तिच्याशी मोकळेपणानं बोलायची. भुजंगराव तेवढ्या दिवसांत काठी धरून ओट्यावरून अंगणात उतरायला लागले, ज्ञानेश्वरी खाटेला धरून उभी राहायला लागली.

सत्यम रोज संध्याकाळी फोन करायचा. आधी फक्त लेकराचं विचारायचा. मग एकदा त्यानं सांगितलं की रात्री झोपेत काचेवर थापा मारल्याचा आवाज येतो आणि जाग येते. ऋतुजा म्हणाली, मलाही येतो. त्या दिवशी ते बराच वेळ बोलले.

जूनच्या सुरुवातीला तो रेल्वेनं त्यांना न्यायला आला. ऋतुजानं पिशवी आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. परतीच्या गाडीत खिडकीतून गरम वारा येत होता. ज्ञानेश्वरी बापाच्या मांडीवर उभी राहून गजांना धरून नाचत होती आणि तो तिला दोन्ही हातांनी घट्ट धरून होता. भोकर स्टेशन आलं तसा तो अवघडला, बाहेर बघायला लागला. ऋतुजानं डबा उघडला, त्याच्यापुढं धरला आणि म्हणाली, “खाऊन घ्या. तिला द्या इकडं.”

“राहू दे,” तो म्हणाला. “एका हातानं खातो मी.”